गावाचा डीपी येतोय? मग पुराचं पाणी नकाशावर कसं आणायचं ते वाचा

आमचं गाव पंचगंगेकाठी आहे, नगरपरिषद आहे. २०१९ च्या ऑगस्टमधे कोल्हापुरात राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची पातळी ५५ फुटांच्या वर गेली, तिथली धोका पातळी ४३ फूट आहे, म्हणजे बारा फूट जास्त. आमच्या घरात छातीएवढं पाणी होतं. २०२१ च्या जुलैमधे परत तेच. आणि त्यानंतर काही वर्षांनी गावाची प्रारूप विकास योजना, म्हणजे आपण ज्याला डीपी म्हणतो ती, प्रसिद्ध झाली तेव्हा मी नगरपरिषदेच्या भिंतीवर लावलेला नकाशा बघायला गेलो आणि ज्या रानात २०१९ ला होडी फिरली त्या रानावर पिवळा रंग दिसला. पिवळा म्हणजे रहिवास. त्याच्याच शेजारी प्राथमिक शाळेचं आरक्षण, म्हणजे शाळेसाठी राखून ठेवलेली जागा.

मला तेव्हा यातलं काहीच माहिती नव्हतं. हरकत कुठं द्यायची, किती दिवसांत, कुठल्या भाषेत, काय पुरावा लावायचा, काहीच नाही. पहिले दहा बारा दिवस नुसते हेलपाटे घालण्यात गेले. तुमचे ते दिवस वाचावेत म्हणून हे सगळं क्रमानं लिहितोय. डीपी एकदा मंजूर झाला की साधारण वीस वर्षं त्याच्यावरच गाव वाढतं, रस्ते त्याच्यावर, शेतजमीन बिगरशेती होते ती त्याच्यावर, बांधकाम परवाने त्याच्यावर. पूर आल्यावर बोटी, चादरी, बिस्किटं सगळं येतं, पण घर कुठं बांधलं जाणार हे त्या नकाशावर आधीच ठरलेलं असतं. त्यामुळं बोलायचं ते तेव्हाच.

१. आधी डीपी कुठल्या टप्प्यावर आहे ते काढा

सगळं चालतं ते महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम १९६६ खाली, बोलताना लोक एमआरटीपी म्हणतात. थोडक्यात क्रम असा: नगरपरिषद किंवा महापालिका आधी डीपी करायचा इरादा जाहीर करते (कलम २३), मग जमिनीचा सध्याचा वापर काय आहे त्याचा सर्व्हे होऊन नकाशा तयार होतो (कलम २५), त्याला ईएलयू म्हणतात, मग प्रारूप योजना प्रसिद्ध होते आणि हरकती सूचना मागवतात (कलम २६), मग नियोजन समितीपुढं सुनावणी (कलम २८), मग योजना शासनाकडं जाते (कलम ३०) आणि शासन मंजूर करतं (कलम ३१).

हरकतीची मुदत मुंबई सोडून बाकी ठिकाणी ३० दिवस असते. ही मुदत राजपत्रात सूचना आली त्या तारखेपासून मोजतात, तुम्ही पेपरात वाचली त्या दिवसापासून नाही. आमच्याकडं बऱ्याच जणांनी इथंच घोळ केला, पेपरची तारीख धरली आणि शेवटचे चार पाच दिवस हातातून गेले. नगररचना विभागात जाऊन राजपत्राची तारीख विचारा आणि घरातल्या कॅलेंडरवर लाल पेनानं लिहून ठेवा.

तुमच्या गावाचा डीपी अजून ईएलयूच्या टप्प्यावर असेल तर तुमच्यासारखं नशीबवान कोणी नाही. त्या टप्प्यावर कायद्यानं हरकत मागवत नाहीत, पण डीपी युनिटमधल्या, म्हणजे डीपी तयार करणाऱ्या ऑफिसातल्या माणसांना भेटून तुमचा ओढा, तुमचं तळं, तुमची पाणथळ जागा दाखवता येते. आमच्या ईएलयूत गावाबाहेरून येणारा ओढा नकाशाच्या मध्यावर अचानक संपलेला होता. पुढचं सगळं रान मोकळं दिसत होतं, आणि मोकळं दिसलं म्हणून त्यावर पिवळा रंग पडला. सर्व्हे उन्हाळ्यात झालेला, ओढा कोरडा, दोन्ही कडेला ऊस, बाहेरच्या माणसाला तो ओढा आहे हे कळणार कसं? ज्यानं तो पावसाळ्यात बघितलाय त्यानंच सांगायला पाहिजे.

२. हे कागद आणि हत्यारं गोळा करा

- प्रारूप योजनेचा नकाशा आणि त्याच्याबरोबरचा अहवाल, दोन्ही. अहवाल कोणी वाचत नाही, पण आरक्षणांची यादी आणि लोकसंख्येचे अंदाज त्यातच असतात.
- ईएलयू नकाशा
- तुमच्या भागाचा गाव नकाशा, गट नंबर किंवा सिटी सर्व्हे नंबरसहित (महाभूनकाशा या सरकारी वेबसाईटवर बघता येतो, पण हरकतीला लावायला भूमी अभिलेखची नक्कल घ्या)
- भाग नकाशा आणि झोन दाखला, म्हणजे त्या गटावर कुठला झोन आहे त्याचं लेखी
- पाटबंधारे विभागाचा पूररेषेचा नकाशा
- जिल्हा आपत्ती व्यवस्थापन आराखडा, जिल्ह्याच्या वेबसाईटवर बघा, नाहीतर कलेक्टर ऑफिसच्या आपत्ती कक्षात
- सर्व्हे ऑफ इंडियाची टोपोशीट, म्हणजे डोंगर, ओढे, तळी दाखवणारा सरकारी नकाशा, १:५०,००० ची. जुनी मिळाली तर सोनं.
- पुराच्या वेळचे फोटो व्हिडिओ, तारीख वेळ असलेले
- गवंड्याचा लेव्हल पाईप, टेप, खडू, स्केचपेन

पूररेषेचा नकाशा साधा अर्ज करून मिळाला तर उत्तम. नाहीतर माहिती अधिकारात मागा, दहा रुपयाचं कोर्ट फी तिकीट लावून. पण लक्षात घ्या, माहिती अधिकारात उत्तर द्यायला ३० दिवस असतात आणि तुमची हरकतीची मुदतही ३० दिवसांचीच. म्हणजे डीपी प्रसिद्ध झाल्यावर अर्ज केला तर उत्तर येईपर्यंत मुदत संपते. माझं तेच झालं. पूररेषेचे कागद हातात आले ते मुदत संपल्यावर सहाव्या दिवशी, ते मग सुनावणीत वापरले. तुमच्या गावाचा डीपी वर्ष दोन वर्षांत येणार असेल तर अर्ज आजच टाका.

३. निळी रेषा, लाल रेषा समजून घ्या

पूररेषेच्या नकाशावर दोन रेषा असतात. निळी म्हणजे २५ वर्षांतून एकदा येईल एवढ्या पुराची आणि लाल म्हणजे १०० वर्षांतून एकदा येईल एवढ्या पुराची. आता "१०० वर्षांतून एकदा" या शब्दांनी फसू नका, त्याचा अर्थ एकदा आला की शंभर वर्षं निवांत असा होत नाही, दर वर्षी शंभरात एक शक्यता असा होतो. आणि तेही जुन्या पावसाच्या आकड्यांवर काढलेलं. आता पाऊस चार महिने सावकाश पडायचा सोडून पाच सहा दिवसांत सगळा ओततो, आम्ही दोन वर्षांच्या अंतरानं दोन मोठे पूर बघितले.

राज्यात २०२० च्या डिसेंबरपासून एकत्रित विकास नियंत्रण नियमावली लागू आहे, यूडीसीपीआर म्हणतात तिला (मुंबई आणि थोडे भाग सोडून). तिच्यात नदीकाठ ते निळी रेषा हा निषिद्ध पट्टा, तिथं बाग, पार्किंग, खुला भाजी बाजार, स्मशानभूमी असले वापर चालतात, इमारत नाही. निळी ते लाल हा नियंत्रित पट्टा, तिथं लाल रेषेच्या पातळीपेक्षा ४५ सेंटीमीटर, म्हणजे दीड फूट उंचीवर बांधकामाला परवानगी मिळू शकते.

यात तीन ठिकाणी लोक फसतात.

पहिलं, दीड फूट उंच जोतं करायचं म्हणून लोक आख्ख्या प्लॉटवर मुरूम टाकतात. तुमचं घर वर राहिलं, पण ते पाणी शेजारच्या जुन्या घरात गेलं. एकानं भराव टाकला की पुढच्याला टाकावाच लागतो, आणि मधे राहतो तो गरीब माणूस खड्ड्यात. त्यामुळं हरकतीत स्पष्ट मागा की नियंत्रित पट्ट्यात भरावाला परवानगी नको, बांधायचं तर खांबांवर, खालून पाणी जाईल असं.

दुसरं, पूररेषा बहुतेक नदीचीच आखलेली असते. ओढ्याची, नाल्याची नसते. आणि पाणी तर ओढ्यानंपण मारतं. पुण्यात २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री आंबिल ओढ्यानं काय केलं ते आठवा, माणसं गेली, भिंती कोसळल्या, गाड्या वाहून गेल्या. "तुमचा भाग पूररेषेत येत नाही" असं ऑफिसात सांगितलं तर लगेच विचारा, ओढ्याची पूररेषा आखलीय का?

तिसरं, रेषा कधी आखली ते विचारा. सर्व्हेची तारीख २०१९ च्या आधीची असेल तर त्यानंतर झालेले पूल, पुलाचे भराव, नवे रस्ते त्यात धरलेले नसतात. आमच्याकडं नदीचं पाणी पुढं कृष्णेला जागा नसली की मागं फुगतं, नृसिंहवाडीला, म्हणजे पंचगंगा कृष्णेला मिळते तिथं, कृष्णा भरून वाहायला लागली की पंचगंगेचं पाणी उतरतच नाही, दिवसेंदिवस तिथंच उभं राहतं. त्यात आडवा रस्त्याचा भराव आला की अजून अवघड. २०१९ ला शिरोलीजवळ पुणे बेंगलोर हायवे कित्येक दिवस बंद होता हे सगळ्यांनी बघितलंय.

४. तुमचा स्वतःचा पुराचा नकाशा करा

हे काम सगळ्यात महत्त्वाचं आणि इथंच सगळ्यात जास्त वेळ द्या. सुनावणीत "आमच्याकडं लई पाणी येतं साहेब" याला काही किंमत नसते, कारण ते लिहून कुठं घ्यायचं? गट नंबर आणि फुटातली उंची सांगितली की मात्र समोरचा माणूस पेन उचलतो.

आम्ही काय केलं ते सांगतो. आमच्या गल्लीच्या तोंडाला मारुतीचं देऊळ आहे, त्याच्या दगडी भिंतीवर २०१९ च्या पाण्याची खूण अजून दिसते, वर चुना पांढरा आणि खाली तपकिरी, मधे बोटभर जाडीची गाळाची रेघ. शेजारच्या आबांनी त्याच्या बाजूलाच २००५ ची खूणही दाखवली, खिळ्यानं कोरलेली, तारीख नाही पण त्यांना पक्कं आठवतं कारण त्या पुरात त्यांची म्हैस त्याच कट्ट्यावर चढवली होती. २०१९ ची गाळाची रेघ आम्ही शून्य धरली.

मग गवंड्याकडून लेव्हल पाईप आणला. पारदर्शक नळी, पाणी भरायचं, आत बुडबुडा राहू द्यायचा नाही, एक टोक देवळाच्या रेघेला धरायचं, दुसरं टोक पुढच्या भिंतीला, पाणी स्थिरावलं की खडूनं खूण. मग तिथून पुढं. असं करत करत आम्ही पिवळ्या पट्ट्यापर्यंत, ओढ्यापर्यंत आणि शाळेच्या आरक्षणाच्या जागेपर्यंत गेलो, मोकळ्या रानात भिंत नाही तिथं बांबू रोवून. दोन रविवार लागले. चूक किती झाली हे बघायला त्याच वाटेनं उलटं मागं आलो, देवळाशी पोचल्यावर दोन इंचाचा फरक निघाला, एवढा चालतो. शाळेच्या जागेवर बांबूवर खूण जमिनीपासून पाच फूट चार इंचावर आली. पहिलीतल्या पोराची उंची किती असते ते आपल्याला माहितीय. मी तिथं त्या बांबूशेजारी आमच्या पुतण्याला उभा करून फोटो काढला, खूण त्याच्या डोक्याच्या चांगली वर. पुढं सुनावणीत तोच फोटो सगळ्यात जास्त उपयोगी पडला.

थोडे पैसे जमत असतील तर खासगी सर्व्हेअर बोलवा, त्याच्याकडं ऑटो लेव्हल, म्हणजे जमिनीची पातळी मोजायचं यंत्र असतं. पूररेषेच्या नकाशावर ठराविक अंतरानं लाल रेषेची समुद्रसपाटीपासूनची उंची दिलेली असते, तिथून तो तुमच्या गटापर्यंत पातळी आणून देतो, सही शिक्क्यासहित. गल्लीत वर्गणी काढली तर कुणाला जड जात नाही.

काही गोष्टी टाळा. गूगल अर्थवर कर्सर ठेवला की उंची दिसते, ती हरकतीत लिहू नका, एवढ्या थोड्या फुटांच्या गोष्टीला ती भरवशाची नसते आणि कोणी खोडून काढली की बाकीचं सगळंपण संशयात येतं. टोपोशीटच्या समोच्च रेषा (सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या रेषा) २० मीटरच्या अंतरानं असतात, त्यानं पुराची खोली कळणार नाही. पण टोपोशीटवर जुना ओढा, जुनं तळं निळ्या रंगात छापलेलं असतं ते मात्र सोन्यासारखा पुरावा आहे, कारण तो सरकारचाच नकाशा. गूगल अर्थची जुनी चित्रं तशीच कामाची, कुठल्या वर्षी ओढ्यात भराव पडला ते वर्षानुवर्षं मागं जाऊन दाखवता येतं.

आणि म्हाताऱ्या माणसांशी बोला, विशेषतः बायकांशी. पाणी आधी कुठल्या बाजूनं येतं, किती वेळात जोत्याला लागतं, किती दिवस राहतं, विहिरी कुठल्या खराब होतात, हे त्यांना जास्त माहिती असतं, कारण घर आवरून बाहेर काढायचं काम त्यांनीच केलेलं असतं.

५. सरकारचा एक कागद दुसऱ्या कागदाशी जुळतोय का बघा

जिल्हा आपत्ती व्यवस्थापन आराखड्यात पूरबाधित गावं, वॉर्ड यांची यादी असते. २०१९ आणि २०२१ ला तलाठ्यांनी घरोघर पंचनामे केले, अनुदान वाटलं, त्याच्या याद्या तहसीलमधे आहेत. म्हणजे या या घरात पाणी आलं होतं हे सरकारनं आधीच लिहून, पैसे देऊन मान्य केलंय. आता तोच भाग डीपीत विनाअट रहिवास दाखवला असेल तर तुमचं म्हणणं पटवून द्यायला दुसरं काय पाहिजे? आम्ही पंचनाम्याच्या यादीतले घर नंबर घेऊन डीपीच्या नकाशावर लाल ठिपके दिले. दीडशेच्या वर ठिपके झाले आणि आम्हाला काही बोलावंच लागलं नाही.

पण उलटं समजू नका. यादीत नाव नाही म्हणजे धोका नाही असं नसतं. १९ जुलै २०२३ च्या रात्री रायगड जिल्ह्यात इर्शाळवाडीवर दरड आली, ती वाडी दरडप्रवण गावांच्या यादीत नव्हती.

६. डोंगराकडच्या आणि खेड्यातल्या मंडळींसाठी

माळीण (३० जुलै २०१४), तळीये (२२ जुलै २०२१), इर्शाळवाडी, तिन्ही ठिकाणी पाऊस मुरून डोंगर खाली आला. तुमच्याकडं डोंगर असेल तर भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या भूकोश पोर्टलवर दरडप्रवणतेचे नकाशे आहेत ते बघा, आणि १:५ किंवा त्याहून तीव्र उतारावर रहिवास, रस्ता कापणी दाखवलीय का ते तपासा. डोंगर माथा डोंगर उतार क्षेत्र नकाशावर आखलेलं आहे का, की मधेच तुटलंय? जमिनीला भेगा, झाडं कलणं, झरा अचानक गढूळ होणं असल्या खुणांची तारखेसहित नोंद ठेवा, फोटो काढा, ग्रामपंचायतीत लेखी द्या आणि पोच घ्या.

खेड्याला डीपी नसतो, प्रादेशिक योजना असते. तिथं तुमचं हत्यार म्हणजे ग्रामसभा. गावठाण वाढवायचा, घरकुलाच्या जागेचा, गायरानाचा विषय येईल तेव्हा ती जागा पाण्याची किंवा दरडीची आहे असा ठराव मांडा आणि इतिवृत्तात गट नंबरासहित लिहून घ्या. कोकणात खाडीकाठी असाल तर भरतीचं वेळापत्रकपण जोडा, चिपळूणला जुलै २०२१ मधे वाशिष्ठीला पूर आणि त्यात भरती, वर कोयनेचं पाणीही त्याच नदीत येतं, सगळं एकत्र आलं की काय होतं ते दिसलं.

७. मागणी नेमकी करा

नुसतं "हे नको" म्हणून भागत नाही. काय पाहिजे ते सांगा आणि पर्याय दाखवा. आम्ही मागितलं ते असं:

ओढा उगमापासून नदीपर्यंत अखंड दाखवा आणि दोन्ही कडेला हरित पट्टा ठेवा. शेती झोन ठेवा असं मागून समाधान मानू नका, कारण यूडीसीपीआरमधे शेती झोनातही मंगल कार्यालय, पेट्रोल पंप असले बरेच वापर चालतात, आणि मंगल कार्यालयाच्या पार्किंगसाठी पहिला भराव पडतो तो ओढ्यातच.

शाळा, दवाखाना, अग्निशमन केंद्र, वीज उपकेंद्र, पाणीपुरवठ्याची मोटर ही पाच आरक्षणं लाल रेषेच्या बाहेर उंचावर पाहिजेत. २०१९ ला आमच्याकडं सगळीकडं पाणी आणि नळाला थेंब नाही अशी अवस्था होती, कारण पंपच बुडाले होते.

गावातून बाहेर जाणारा एक तरी रस्ता पुरात चालू राहील असा. आणि जो डीपी रोड पाण्याच्या वाटेला आडवा जातो तिथं भरावाऐवजी मोऱ्या, कमानी. हे लिहून मागा, कारण डीपीत रस्ता नुसती रेघ असते, भराव पुढं बांधकाम विभाग टाकतो.

उंचावर एक मोकळं मैदान, जनावरांसकट लोक थांबतील असं. जनावरं सोडून माणूस घर सोडत नाही, त्यामुळं छावणीची जागा ठरवताना गोठ्याचा विचार केला नाही तर निम्मं गाव शेवटपर्यंत घरातच थांबतं.

लेआऊटमधली मोकळी जागा नीट बघा. ४,००० चौरस मीटर किंवा जास्त जागेच्या लेआऊटला १० टक्के खुली जागा सोडावी लागते, ती बऱ्याचदा ओढ्याच्या कोपऱ्यातला विकला न जाणारा तुकडा असतो. ती मधे, सावलीची झाडं येतील अशी पाहिजे. उन्हाळे पण आता सहन होण्यापलीकडं चाललेत, गावातली तळी आणि चिंचा वडाच्या जागा आरक्षणात जपणं हे पुराइतकंच खरं काम आहे.

आणि एक नाजूक गोष्ट. ज्या शेतकऱ्याच्या रानावर तुम्ही हरित पट्टा मागताय त्याच्याशी हरकत द्यायच्या आधी बोला. त्याची जमीन पिवळी झाली म्हणजे त्याच्या मुलीचं लग्न, कर्ज, सगळं त्यावर ठरलेलं असतं. आमच्याकडं आम्ही आधी बोललो नाही, आणि दोन घरांचा अबोला वर्षभर चालला, तो माझ्या मनाला फार लागला. शेवटी आम्हीच दुसरा अर्ज दिला की या गटांना टीडीआर (जमिनीच्या बदल्यात मिळणारा, विकता येणारा बांधकामाचा हक्क) किंवा रीतसर मोबदला मिळेल असंच आरक्षण टाका. तसंच ओढ्याकडेच्या गुंठेवारीतल्या लोकांचं. "अतिक्रमण हटवा" म्हणणं सोपं असतं, पण त्यांना गावाच्या जवळ, कामाच्या जवळ उंच जागेवर घरांचं आरक्षण दाखवा ही मागणी त्याच अर्जात पाहिजे.

८. हरकत लिहायची कशी

मुख्याधिकाऱ्यांच्या नावानं, मराठीत, एक ते दोन पानं. वर विषयात कलम २६ आणि राजपत्राची तारीख. मग गट नंबर, नकाशाचा शीट नंबर, आरक्षण क्रमांक. मग सध्या काय दाखवलंय, त्यानं काय होईल, काय बदल पाहिजे, अशा तीन परिच्छेदांत संपवा. शेवटी "प्रत्यक्ष सुनावणीची संधी मिळावी" हे वाक्य विसरू नका. खाली जोडपत्रांची यादी.

एका अर्जात एकच मुद्दा. आम्ही पहिल्या खेपेला अकरा मुद्दे एका अर्जात घातले होते, एका ओळखीच्या निवृत्त नगररचनाकारांनी बघितलं आणि म्हणाले, "दादा, याला एकच नंबर पडेल आणि एकाच ओळीत उत्तर येईल, वेगवेगळे करा." ते केलं. तीनशे सह्यांचं एक निवेदन देण्यापेक्षा वीस जणांनी आपापल्या गटाबद्दल वीस अर्ज दिले तर प्रत्येकाला वेगळा नंबर आणि वेगळी सुनावणी मिळते. पण छापील एकसारखा मजकूर नको, गठ्ठा एकत्र बांधून टाकतात.

आवक क्रमांक आणि शिक्क्यासहित पोच घ्या. पोच नाही तर अर्ज नाही असंच समजा.

९. सुनावणीच्या दिवशी

नियोजन समितीत स्थायी समितीचे तीन सदस्य आणि नगररचना संचालकांनी नेमलेले जास्तीत जास्त चार तज्ज्ञ असतात. वेळ पाच मिनिटं मिळाली तर खूप. त्यामुळं भाषण नको. मोठ्या कागदावर तुमच्या भागाचा नकाशा, त्यावर ओढा निळ्यानं, पंचनाम्याची घरं लाल ठिपक्यांनी, आणि तुमची मागणी हिरव्यानं, एवढंच समोर ठेवा. पहिलं वाक्य गट नंबराचं. कुठल्या बिल्डरवर, नगरसेवकावर आरोप करायचा मोह होतो, मलाही झाला होता, पण त्यात दोन मिनिटं जातात आणि ओढा बाजूला राहतो.

तज्ज्ञ सदस्य काही विचारतील तर माहिती नसेल ते माहिती नाही म्हणा. मला एकानं विचारलं की ही खूण किती अचूक, मी सांगितलं लेव्हल पाईपनं मोजलीय, दोन इंच इकडं तिकडं, साहेबांनी मान डोलावली आणि लिहून घेतलं. तुमचं म्हणणं लिहून दिलेलंच बरं, तीन प्रती न्या.

१०. नंतरही नजर ठेवा

समितीच्या अहवालानंतर बदल होतात, शासन मंजुरी देताना मोठा बदल करणार असेल तर त्या भागापुरत्या परत हरकती मागवतात, ती सूचना चुकवू नका. आणि डीपी मंजूर झाल्यावर खरा धोका कलम ३७ चा. त्याखाली एखाद्या गटापुरता झोन बदलता येतो, पेपरात आतल्या पानावर चार बोटांची सूचना येते, महिनाभर हरकतीला असतो, आणि हरित पट्टा एकेक गट करत पिवळा होत जातो. आमच्या गल्लीत आता पाळी लावलीय, प्रत्येक घरानं एक एक महिना स्थानिक पेपरातल्या जाहीर सूचना वाचायच्या आणि आमच्या भागाचा गट दिसला की ग्रुपवर फोटो टाकायचा. गेल्या पावसाळ्यात एक सूचना सापडली ती अशीच, शेजारच्या काकूंना, भाजी निवडताना खाली पसरलेल्या पेपरात.

आमचं काय झालं म्हणाल तर शाळेचं आरक्षण उंचावरच्या गटात सरकलं. ओढा नकाशावर पूर्ण आला, हरित पट्टा मिळाला पण आम्ही मागितला त्याच्या निम्मा. पिवळा पट्टा सगळा गेला नाही, नियंत्रित पट्ट्याच्या अटी लिहून राहिला. आडव्या डीपी रोडचं उत्तर "कामाच्या वेळी विचार करू" एवढंच आलं, म्हणून बांधकाम विभागाकडं मोऱ्यांसाठी वेगळा अर्ज दिलाय, त्याचा आवक क्रमांक देवळातल्या फळ्यावर लिहून ठेवलाय, गाळाच्या त्या रेघेच्या बाजूला.